अभंग व ओवी : रचनेची परिभाषा

मराठीतील दोन प्राचीन व लोकरूढ छंद आणि त्यांच्या वर्णनासाठी योजिल्या जाणाऱ्या चरण, यमक, ध्रुपद, नाममुद्रा, दृष्टांत इ. संज्ञा. यांपैकी काही संज्ञा संस्कृत साहित्यशास्त्रातून आल्या, काही कीर्तनकार, टाळकरी व वह्या लिहिणारे यांच्या व्यवहारातून रूढ झाल्या, तर काही विसाव्या शतकातील छंदःशास्त्रज्ञांनी निश्चित केल्या. त्यामुळे एकच शब्द निरनिराळ्या परंपरांत निरनिराळ्या अर्थाने आलेला आढळतो. काव्याची परिभाषा म्हणजे तयार कवितेला मागाहून दिलेली नावे, असा समज सर्वत्र दिसतो. ओवी व अभंग यांच्या बाबतीत तो अपुरा ठरतो. येथे बहुतेक प्रत्येक संज्ञेमागे एक काम उभे आहे. दळणाऱ्या हाताशी स्वराचा मेळ राखणे, ऐकलेले स्मरणात ठेवणे, अनेकांना एकत्र गाता येणे आणि कर्त्याचे नाव टिकविणे ही ती कामे होत. ती ध्यानात घेतली म्हणजे संज्ञांचा अर्थ आणि त्यांच्या मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील इंद्रायणीकाठचा टापू महत्त्वाचा आहे. नदीच्या वरच्या अंगाला तुकारामांचे देहू व खालच्या अंगाला ज्ञानेश्वरांच्या समाधीचे आळंदी ही क्षेत्रे असून त्यांना जोडणारा रस्ता तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव या गावांवरून जातो. मोशी येथे पुणे-नाशिक महामार्ग इंद्रायणी ओलांडून चाकणकडे जातो. शेतीवर जगणारे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. दक्षिणेस भोसरी व उत्तरेस चाकण या औद्योगिक क्षेत्रांच्या मध्ये आल्याने त्याचे रूप पालटले. जात्यावरील ओवी, कीर्तनातील अभंग, दिंडीतील ध्रुपद आणि वहीत उतरविलेली गाथा ही पद्याची चारही रूपे या टापूच्या परंपरेत एकत्र आढळतात. म्हणून पुढील विवेचनात शक्य तेथे तिचा आधार घेतला आहे.

छंद, वृत्त व जाती : मराठी पद्यरचनेचे सामान्यतः तीन वर्ग मानतात. ज्या रचनेत लघू व गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो तिला वृत्त म्हणतात. तीन-तीन अक्षरांच्या आठ गणांनी तिचे मोजमाप होते. ज्या रचनेत अक्षरांऐवजी मात्रांची संख्या व आवर्तने नियत असतात तिला जाती ही संज्ञा आहे. ज्या रचनेत लघुगुरुभेद लक्षात न घेता केवळ अक्षरांची संख्या मोजली जाते ती छंद या वर्गात पडते. हे वर्गीकरण माधवराव पटवर्धन (कवी माधव जूलियन, १८९४–१९३९) यांच्या छंदोरचना (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथामुळे शास्त्रशुद्ध स्वरूपात रूढ झाले. वृत्तांचा वापर मुख्यतः वामन पंडितांसारख्या विदग्ध कवींनी केला, तर मोरोपंतांनी (१७२९–९४) आर्येला विशेष प्रतिष्ठा मिळवून दिली. ओवी व अभंग हे मात्र अक्षरछंद आहेत. त्यांत जोडाक्षर एकच धरतात आणि गाताना ऱ्हस्व अक्षरही सहज लांबविले जाते. लघुगुरूंचे नियम न शिकलेल्या माणसालाही ते रचता येतात, ही त्यांची सर्वांत मोठी सोय आहे. शेतकरी, कारागीर व स्त्रिया यांच्या तोंडी मराठी कविता प्रथम याच छंदांत आली, यामागे हे एक प्रमुख कारण आहे.

ओवी : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातही ओवीचा निर्देश येतो. यावरून ग्रंथात येण्यापूर्वी ओवी ही श्रमगीत म्हणून प्रचलित होती, हे उघड होते. ओवीचे दोन प्रमुख प्रकार मानतात : गेय किंवा लोकगीतात्मक ओवी आणि ग्रंथिक ओवी.

ग्रंथिक ओवीत सर्वसाधारणपणे चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक येते. चौथा चरण आखूड व यमकविरहित असतो. अक्षरसंख्येचे बंधन मात्र सैल असते. केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले पुढील उदाहरण पहावे :

जाते फिरे घरघर । पीठ पडे भरभर ।
पहाटही दारावर । उजळली ॥

यातील पहिले तीन चरण एकमेकांशी बांधलेले असून चौथ्यावर वाक्य विसावते. हा आखूड चरण ओवीचे वैशिष्ट्य होय. तीन चरणांनी निर्माण केलेली अपेक्षा तो थोडक्यात पुरी करतो आणि ऐकणाऱ्याला क्षणभर थांबू देतो. ज्ञानेश्वरांनी (१२७५–९६) ज्ञानेश्वरीत (१२९०) सु. नऊ हजार ओव्यांमध्ये गीतेचे निरूपण केले ते याच छंदात. शास्त्रार्थ, उपमा, संवाद व भावोद्गार या सर्वांना सामावून घेणारा लवचिकपणा त्यामुळे ओवीत सिद्ध झाला. याच सैलपणामुळे तिच्यात कोणालाही भर घालणे सोपे जाते, हा तिचा दुसरा पैलू. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले पाठभेद पाहून एकनाथांनी (१५३३–९९) १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी स्वतःच्या ओव्या त्यात मिसळू नयेत, अशी ताकीदही दिली.

जात्यावरील ओवी लिहून काढली असता बहुधा दोन लांब ओळींची दिसते व त्या ओळींच्या शेवटी यमक असते. प्रत्यक्ष गाताना ओळीचे तुकडे पडतात, काही भाग पुन्हा येतो, ‘बाई’, ‘ग’, ‘सई’ यांसारखे पूरक शब्द मिसळतात आणि जात्याच्या फेऱ्याशी स्वराचा मेळ बसतो. म्हणून केवळ अक्षरे मोजून या ओवीचे लक्षण सांगता येत नाही. तिचा छंद कागदावर अर्धा आणि गळ्यात अर्धा असतो. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरी व विठ्ठल हे तिचे नेहमीचे विषय. दळण पहाटे व एकट्यादुकट्याने होत असल्याने चारचौघांत बोलता न येणारे दुःखही स्त्रिया ओवीत सांगत. हेमा राईरकर व गी प्वातव्हँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून आरंभ करून सहकाऱ्यांसह राज्याच्या अनेक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. तोपर्यंत गावोगाव विजेच्या गिरण्या आल्या होत्या आणि जाते मागे पडत चालले होते. ओवी गाण्याचे मूळ निमित्त संपत असताना झालेले हे संकलन असल्याने त्याचे मोल मोठे आहे.

अभंग : अभंगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा व चौथ्यात चार अशी एकूण बावीस अक्षरे येतात. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत साधलेले असते. नामदेवांच्या (१२७०–१३५०) नावावर असलेल्या एका अभंगात हेच गणित सांगितले आहे. त्यात तीन चरणांची अठरा अक्षरे व शेवट धरून बावीस असा हिशेब दिलेला असून चरणांची संख्या साडेतीन मानली आहे. छंदःशास्त्रात या रचनेस देवद्वार असेही नाव आहे. उदाहरणार्थ,

नदीच्या काठाला । उभे जुने गाव ।
पाण्याला ते नाव । विचारते ॥

येथे ‘गाव’ व ‘नाव’ यांचे यमक कडव्याच्या मधोमध येते आणि ओळीचा पहिला अर्धा भाग दुसऱ्याशी जोडते. ‘च्या’ व ‘ण्या’ ही जोडाक्षरे एकेकच मोजली आहेत. लहान अभंगात साधारणतः आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असून दोहोंच्या शेवटी यमक असते :

दळणाच्या सोबतीने । गाणे चालले गतीने ॥

मोठा अभंग सावकाश, विचाराला थारा देणारा आहे, तर लहान अभंग द्रुत चालीला व ठाशीव विधानाला सोयीचा आहे. अभंग हा ओवीतूनच विकसित झाला असे अभ्यासक मानतात. मोठ्या अभंगातील आखूड चौथा चरण हा त्या नात्याचा ठळक पुरावा होय. फरक असा की, ओवी कथन किंवा निरूपण पुढे नेत राहते, तर अभंग काही कडव्यांत एक भाव पुरा करून थांबतो. ‘अभंग’ या शब्दाचा ‘न भंगणारा’ हा अर्थ पुढे भक्तीच्या अखंडतेशी व रचनेच्या अक्षयतेशी जोडला गेला. आज ‘अभंग’ ही संज्ञा छंद, त्या छंदातील संपूर्ण रचना आणि वारकरी संतांचे कोणतेही पद अशा तीन अर्थांनी वापरली जाते. वाचकाने संदर्भावरून अर्थ ठरविणे इष्ट असते.

यमक : संस्कृत साहित्यशास्त्रात यमक म्हणजे त्याच वर्णसमूहाची भिन्न अर्थाने केलेली पुनरावृत्ती. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक व दीपक यांच्या जोडीला सांगितलेला चौथा अलंकार तो हाच. मराठीत मात्र यमक हा शब्द मुख्यतः चरणान्तीच्या वर्णसाम्यासाठी वापरतात. अभिजात संस्कृत काव्यात असे अन्त्ययमक अनिवार्य नव्हते. प्राचीन ग्रीक व लॅटिन काव्यातही ते नियमाने येत नाही. देशी भाषांतील गेय कवितेत त्याला महत्त्व आले, कारण ही कविता प्रथम कानाने व स्मरणाने जगली. चरणाचा शेवट आठवला की पुढचा चरण ओढला जातो, आणि शब्द चुकीचा पडल्यास यमक बिघडून चूक कळते. यमकाचे हे रक्षणाचे काम अलंकरणाहून अधिक मूलभूत मानावे लागेल. गझलेत यमकाच्या जागी काफिया व त्यामागून येणारा अपरिवर्तनीय रदीफ असतो. हा प्रकार मराठीत विशेषेकरून माधव जूलियन यांनी रुजविला. एकाच वर्णाच्या पुनरावृत्तीने साधलेल्या नादास अनुप्रास म्हणतात. वर दिलेल्या ओवीतील ‘घरघर’ या शब्दाप्रमाणे नाद प्रत्यक्ष ध्वनीचे अनुकरण करू लागला म्हणजे ते ध्वन्यनुकरण होय.

ध्रुपद : पदातील पुनःपुन्हा म्हणावयाची ओळ. यालाच ध्रुवपद, धृपद किंवा पालुपद असेही म्हणतात. अभंगांच्या छापील गाथांत बहुधा दुसऱ्या कडव्यापुढे ‘ध्रु.’ अशी खूण आढळते. कीर्तनात बुवा कडवे म्हणतात व मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. दिंडीतही हीच पद्धत चालते. त्यामुळे संपूर्ण अभंग पाठ नसलेला माणूसही गाण्यात सहभागी होतो. अर्थाच्या दृष्टीने ध्रुपद हे अभंगाचे केंद्र असते. प्रत्येक कडव्यानंतर तीच ओळ ऐकताना तिच्या अर्थात थोडी भर पडत जाते. हिंदुस्थानी संगीतातील ध्रुपद हा गायनप्रकार याहून वेगळा आहे.

नाममुद्रा : अभंगाच्या अखेरच्या कडव्यात गुंफलेले कवीचे नाव. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ या परिचित मुद्रा होत. एकनाथांच्या मुद्रेत गुरू जनार्दनस्वामींचे नाव त्यांच्या नावाशी जोडलेले असते. जनाबाईच्या मुद्रेत नामदेवांचा निर्देश येतो, सोयराबाई स्वतःची ओळख चोखामेळ्याच्या नावाने व जातीच्या उल्लेखाने देते, तर तुकारामांचे बंधू कान्होबा आपणास तुकारामांचा बंधू म्हणवितात. मुद्रेत अशा रीतीने व्यक्तीबरोबर तिचे नाते व समाजातील स्थानही नोंदले जाते. ज्यांच्या हाती लेखणी, पोथी वा अधिकार नव्हता त्यांचे कर्तृत्व मुख्यतः या एका शब्दामुळे टिकले. चोखामेळा व त्यांच्या कुटुंबीयांच्या रचना आज त्यांच्या म्हणून ओळखता येतात, त्या मुद्रेच्या आधारावर. कन्नड वचनांतील अंकित, बंगाली पदांतील भणिता, हिंदी पदांतील छाप व गझलेतील तखल्लुस हे नाममुद्रेशी तुलनीय प्रकार होत.

मुद्रा हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे. नाव सारखे असल्यास किंवा भक्ताने आदराने संतांची मुद्रा वापरल्यास रचना एकमेकींत मिसळतात. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना शिरल्याचे संशोधकांनी दाखविले आहे. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव व अभंगकर्ते ज्ञानदेव भिन्न असावेत, असे मत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने मांडले व त्यावर दीर्घ वाद झाला. अशा प्रश्नांत मुद्रेबरोबर भाषा, विचार व हस्तलिखिते यांचाही विचार करावा लागतो.

मौखिक परंपरा व संहिता : तुकारामांच्या (१६०८–५०) वह्या देहू येथे इंद्रायणीच्या डोहात बुडविल्या गेल्या व तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. वह्या गेल्या तरी अभंग लोकांच्या मुखी राहिले होते व तेथून ते पुन्हा लिहून काढले गेले, असेही सांगितले जाते. या संदर्भात चाकण येथील संताजी जगनाडे यांचे नाव परंपरेने घेतले जाते. तेलाच्या व्यवसायातील हे गृहस्थ तुकारामांचे टाळकरी व लेखक होते आणि त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. त्यांच्या नावाच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी तुकारामबुवांचा अस्सल गाथा (१९१९–२०) प्रसिद्ध केला. त्यापूर्वी मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा दोन खंडांत (१८६९ व १८७३) निघाली होती. तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. दोन्ही परंपरांत अभंगसंख्या व पाठ यांत फरक आहे. जलदिव्याच्या कथेकडे श्रद्धेने पहावे की इतिहास म्हणून, याविषयी मतभेद असले, तरी तिच्यातून एक गोष्ट निश्चित दिसते : अक्षरांचे गणित, यमक, ध्रुपद व मुद्रा यांनी बांधलेली रचना कागदावाचूनही टिकू शकते, हे समाजाने जाणले होते.

अर्थाचे अलंकार : एका वस्तूचे दुसरीशी साम्य सांगणे म्हणजे उपमा. तिच्यात उपमेय, उपमान, साधारण धर्म व साम्यवाचक शब्द अशी चार अंगे असतात. उपमेय व उपमान यांत अभेद मानला म्हणजे रूपक होते. वारकरी परंपरेत रूपक दीर्घ केले जाते. एकनाथांच्या भारुडात विंचू, जोशी, गोंधळी अशी लोकजीवनातील पात्रे व प्रसंग अखेरपर्यंत आध्यात्मिक अर्थ वाहतात. नाट्यशास्त्रात ‘रूपक’ हीच संज्ञा नाट्यकृतीसाठी येते, हे लक्षात ठेवावे. दृष्टांत हा शब्दही द्व्यर्थी आहे. साहित्यशास्त्रात दोन वाक्यार्थांतील बिंबप्रतिबिंबभाव म्हणजे दृष्टांत, तर कीर्तनात व महानुभावांच्या दृष्टांतपाठात तत्त्व पटविण्यासाठी सांगितलेली लहान कथा म्हणजे दृष्टांत. एका शब्दातून दोन अर्थ निघतात तेथे श्लेष होतो. धान्य दळण्याचे साधन व ‘जाणे’ या क्रियापदाचे रूप असे दोन अर्थ असणारा ‘जाते’ हा शब्द श्लेषाला सहज अवसर देतो. अर्थ मुद्दाम गूढ ठेवलेल्या रचनेस कूट म्हणतात. मुक्ताबाईंच्या नावावर असे अभंग आहेत. गौळण, विराणी, पाळणा, भूपाळी, आरती ही नावे अलंकारांची नसून विषय, भाव किंवा प्रसंग यांवरून पडलेली रचनाप्रकारांची आहेत.

प्रतिमा व प्रतीक या संज्ञा आधुनिक समीक्षेतून आल्या. इंद्रियांना जाणवणारे शब्दचित्र ती प्रतिमा. एखादी वस्तू स्वतःच्या अर्थापलीकडे व्यापक आशय सुचवू लागली की ती प्रतीक बनते. काव्यात येणारी इंद्रायणी ही केवळ नदी नसते. गाथेच्या कथेमुळे ती लोकस्मृतीचे प्रतीक झाली आहे. प्रतीक कवी एकटा घडवीत नाही, समाजाचा अनुभव त्याला अर्थ देतो, हे येथे स्पष्ट दिसते.

आधुनिक काळ : मुद्रण, शाळा व नियतकालिके यांमुळे कविता ऐकण्याऐवजी वाचली जाऊ लागली. यमक व ठराविक चरण यांची स्मरणासाठी असलेली गरज कमी झाली आणि ‘अनिल’ (आ. रा. देशपांडे, १९०१–८२) यांनी पुरस्कारिलेला मुक्तछंद रूढ झाला. तरीही जुने छंद लोपले नाहीत. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी ओवीच्या अंगाने खानदेशच्या बोलीत रचना केली आणि ती त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये प्रकाशित झाली. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांनी कांही कविता (१९४७) या संग्रहात अभंग व ओवी यांचे वळण यंत्रयुगातील शहरी माणसाच्या वैफल्यासाठी योजिले. भक्तीशी निगडित छंदात यंत्रे व गर्दी आल्याने जो विसंवाद उत्पन्न होतो, तोच तेथे अर्थवाही ठरतो. मूळ छंदाची ओळख नसलेल्या वाचकाला हा अर्थ पूर्णपणे प्रतीत होत नाही.

मोशी-चाकण पट्ट्यात आज कारखान्यांच्या पाळ्या चालतात व राज्याच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तेथे राहतात. जात्यावरची ओवी आता मुख्यतः वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात व संग्रहांत आहे. अभंग मात्र हरिपाठ, कीर्तन व दिंडी यांतून गायला जातो. संज्ञांचा अभ्यास व्याख्या पाठ करण्यापुरता राहिला तर ओवी व अभंग यांतील हा फरक दृष्टीस पडत नाही. ओवीचे काम सुटल्याने ती क्षीण झाली, अभंगाचे काम चालू असल्याने तो टिकला. एखादी रचना ऐकताना चरण कोठे थांबतो, यमक काय जोडते, ध्रुपद कोण उचलते आणि मुद्रेत कोणाचे नाव येते, हे पाहणे हा परिभाषा समजून घेण्याचा सर्वांत सरळ मार्ग होय.